पार्किंगमधले नऊ इंच

आमच्या पार्किंगचा मागचा अर्धा भाग बंद करून तिथे खोली काढायची, हे ठरवायला घरात आठ महिने लागले, आणि ते काम बिघडवायला मला एक रविवार पुरला.

पार्किंग म्हणजे घराखालचं गॅरेजच, पण आमच्याकडे त्याला गॅरेज कुणी म्हणत नाही. गॅरेज म्हणजे जिथे गाडी दुरुस्तीला जाते ते. चिखलीतलं हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलं, बार्शीकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून. खाली पार्किंग, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्याच्यावर आणखी दोन खोल्या. घर उभं राहिलं तेव्हा दारात फक्त त्यांची सायकल होती. पण पुढे मोटार येईल म्हणून त्यांनी अख्खा तळमजला मोटारीला सोडला. मोटार यायला बरीच वर्षं लागली. तोवर पाण्याचे ड्रम, मोडकी कॉट आणि कूलरचं खोकं तिथे सुखाने राहत होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासरी तशीच पद्धत आहे. मागच्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेल्यात जमा झाला, उजवा पाय ओढत टाकावा लागायला लागला आणि बोलणं जड झालं. शब्दाचं पहिलं अक्षर घशातच राहायचं आणि नुसतं शेपूट बाहेर पडायचं. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. मुलगी शिकायला नाशिकला. म्हणजे घरात आम्ही तिघंच: मामा, माझा नवरा आणि मी.

नवरा हिंजवडीला जातो. सकाळी आठला त्याची कॅब येते आणि परत यायला ट्रॅफिकच्या मर्जीप्रमाणे साडेआठ होतात. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मामांच्या आजारपणात मी कायमची फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. पहाटे कंपनीची बस धरायची, अडीचला सुटायचं आणि तळवड्याच्या चौकात पेंगत चारपर्यंत घरी पोचायचं. मधल्या वेळात मामांजवळ बसायला एक बाई येत होत्या. कागदावर हे सगळं व्यवस्थित बसलं होतं.

कागदावर न बसणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे संडास. वरच्या मजल्यावरचा संडास गॅलरीच्या टोकाला, त्याचं दार अरुंद, उंबरा उंच आणि आत भारतीय पद्धतीचं भांडं. वॉकर दारातून आत जायचा नाही. नवरा सकाळी आठच्या आत मामांना धरून न्यायचा, खुर्ची ठेवायचा, सगळं आटपायचा आणि मग कॅबमध्ये बसायचा. संध्याकाळी आला की पुन्हा. मधले बारा तास मामा कुणालाही जवळ येऊ द्यायचे नाहीत. बाईंनी ते काम आधीच नाकारलं होतं, आणि मला तर मुळीच नाही. मी पलंगाजवळ प्लास्टिकचं भांडं आणून ठेवलं, ते त्यांनी डाव्या पायाने पलंगाखाली सारलं. कारण ते भांडं शेवटी रिकामं मीच करणार होते.

मग त्यांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. पाणी पिणं बंद केलं. सकाळी एक कप चहा, त्यानंतर नवरा येईपर्यंत काही नाही. मी चारला यायची तर बाईंनी ठेवलेला ग्लास काठोकाठ भरलेला. उन्हाळ्यातसुद्धा. दोनदा लघवीला जंतुसंसर्ग झाला, ताप चढला. डॉक्टर मला म्हणाले, "पाणी पाजा त्यांना." पाजा काय पाजा! ग्लास तोंडाशी नेला की मामा ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघायचे.

मला राग यायचा, हे लपवत नाही. इतकी वर्षं या घरात राहिले, यांची भाकरी थापली, यांच्या बायकोच्या शेवटच्या दुखण्यात रात्री जागून काढल्या, आणि आता मी परकी? दमून आलेली असायचे, पायात सेफ्टी शूजने धरलेली कळ असायची, आणि समोर हा भरलेला ग्लास. पुरुषाचा ताठा, दुसरं काय, असं मी मनात म्हणायची. एकदोनदा स्वयंपाकघरात भांडी आपटत मोठ्याने म्हटलंही.

शेवटी ठरलं की मामांना खाली आणायचं. पार्किंगच्या मागच्या भागात एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम. दार रुंद, कमोड, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे. पलंगावरून उठायचं, वॉकर धरायचा, सरळ आत जायचं आणि सरळ परत यायचं. मध्ये कुणी नको. सगळ्या बांधकामाचं कारण एवढंच होतं. नवऱ्याला गाडी रस्त्यावर लावावी लागणार होती, त्याने दोन दिवस तोंड पाडलं आणि मग स्वतःच ड्रम हलवायला सुरुवात केली.

ड्रॉइंग मी काढलं. कुणाला काढू देणार? रोज सप्लायरच्या ड्रॉइंगवर लाल पेन चालवणारी बाई मी. रविवारी सकाळी टेप घेऊन खाली उतरले, लांबी-रुंदी मोजली, आणि दुपारपर्यंत पांढऱ्या कागदावर सुरेख आराखडा तयार केला. मापं मिलिमीटरमध्ये. पलंग इथे, दार इथे, वॉकर वळायला जागा इतकी, कमोड भिंतीपासून इतका. कोपऱ्यात चौकट आखून तारीखसुद्धा टाकली. मिस्त्री मराठवाड्यातले, हात बसलेला माणूस. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि "मॅडम, असलं ड्रॉइंग तर बिल्डर बी देत नाहीत," म्हणाले. मी खूश.

एक प्रत मामांना दिली. त्यांनी आयुष्यभर ड्रॉइंग वाचून लेथवर जॉब काढलेले, त्यांना दाखवणं भाग होतं. त्यांनी तो कागद डाव्या हातात धरून बराच वेळ पाहिला. मग मान हलवली, कागदावर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलले. मला शेवटचं ऐकू आलं, "...क्शन."

"टेन्शन?" मी म्हटलं. "कसलं टेन्शन मामा? अजिबात टेन्शन घेऊ नका. मी बघते सगळं."

ते पुन्हा बोलले. "...क्शन, ...क्शन." बोट कागदावर आपटलं. कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. मी हसून त्यांच्या खांद्यावरची चादर सारखी केली आणि म्हटलं, "काही टेन्शन नाही. सगळं मापात आहे." त्यांनी हात खाली घेतला. त्यांची समजूत पटली असं समजून मी कुकर उतरवायला गेले.

काम सुरू झालं आणि घरात सिमेंटची धूळ आली. ती पोळीत आली, केसांत आली, माझ्या युनिफॉर्मच्या खिशात आली. पहाटे उठून शिफ्ट, चारला घरी, मग खाली उभं राहून मिस्त्रींशी बोलणं, वर मामांचं खाणं, औषधं, आणि रात्रीचा स्वयंपाक. दुसऱ्या आठवड्यात कंपनीत कस्टमरचं ऑडिट लागलं आणि सलग चार दिवस ओव्हरटाइम. मी मिस्त्रींना सांगून टाकलं, "चार दिवस मला काही विचारू नका. ड्रॉइंगप्रमाणे करा." त्यांनी तरीही दुसऱ्या दिवशी फोन केला होता. "मॅडम, लेव्हलचं जरा..." इतकं ऐकलं, आणि समोर ऑडिटर उभा. "ड्रॉइंगप्रमाणे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी वेळेवर घरी आले. खोलीची भिंत झाली होती, संडासाच्या टाइल्ससुद्धा बसल्या होत्या. छान बसल्या होत्या. दार तीन फुटी, जसं हवं तसं. आणि दारात पायरी. साधीसुधी नाही, चांगली नऊ इंच उंच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"संडास उचलून घ्यावा लागला," मिस्त्री म्हणाले.

"उचलून? ज्या माणसाला पाय उचलता येत नाही म्हणून हे सगळं चाललंय, त्याच्या संडासाला पायरी?"

मिस्त्रींनी मला गेटपाशी नेलं आणि गल्लीतला ड्रेनेजचा चेंबर दाखवला. घर बांधलं तेव्हा रस्ता आमच्या फरशीपेक्षा खाली होता. पार्किंगला बाहेरच्या बाजूला ढाळ दिलेला, गाडी धुतली की पाणी आपोआप रस्त्यावर जायचं. पण रस्ता तेवढ्यावर थोडाच थांबतो? डांबराचे थर चढले, त्यावर काँक्रीट आलं, ड्रेनेजची लाइन नवी झाली आणि तीही जुन्यापेक्षा वरून आली. आता रस्ता आमच्या फरशीच्या वर आहे. हे मला माहीत नव्हतं का? दर पावसाळ्यात गेटच्या आत साठणारं पाणी मीच खराट्याने काढते.

"संडास खालच्या लेव्हलला घेतला असता तर घाण चेंबरला गेलीच नसती," मिस्त्री म्हणाले. "पाणी वर चढत नसतंय, मॅडम. फोन केल्ता तुम्हाला. तुमच्या कागदात उंची कुठंच नव्हती."

खरं होतं. माझ्या कागदात वरून दिसणारं सगळं होतं. वरून पाहिलं की पायरी म्हणजे नुसती एक रेघ. सप्लायरने सेक्शन, म्हणजे वस्तू मधून उभी कापल्यावर आत जसं दिसेल तसं चित्र, पाठवलं नाही तर मी त्याचं ड्रॉइंग त्याच दिवशी परत पाठवते, वर दोन शब्द सुनावते. आणि माझ्या घरात मी काय काढलं होतं? टॉप व्ह्यू! तारखेसकट.

मिस्त्रींवर ओरडायचं होतं ते गिळलं आणि वर गेले. बाईंना घरी पाठवलं. मामा पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी खुर्चीवर धपकन बसले आणि सगळं सांगून टाकलं. रस्ता, चेंबर, नऊ इंच. सांगताना आवाज चढत गेला, शेवटी रडायलाच यायला लागलं. दमले होते हो. कुणी पाण्याचा ग्लास हातात दिला असता तरी रडले असते.

मामांनी ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने उशी सारली आणि तिच्याखालून कागद काढून माझ्यापुढे धरला. माझंच ड्रॉइंग. त्यांनी ते उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने, डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या रेघांनी, आमचं पार्किंग बाजूने काढलेलं होतं. फरशीची रेघ, बाहेर उतरता ढाळ, गेट, गेटच्या बाहेर वर चढलेला रस्ता. एक पाइप, खोलीकडून चेंबरकडे चढत जाणारा. आणि त्या पाइपवर मोठं प्रश्नचिन्ह.

"सेऽक्शन," मामा म्हणाले. या वेळी पहिलं अक्षर बाहेर आलं.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चूक झाली याची नाही, चुका होतात, त्यांच्यावरच माझं पोट चालतं. लाज वाटली ती त्या हसण्याची आणि चादर सारखी करण्याची. आठ महिने मी या माणसाशी अशीच बोलत होते. ते काही म्हणाले की अर्धं ऐकायचं, मान डोलवायची, "हो हो, बरं बरं" म्हणायचं आणि कामाला लागायचं. आजारी माणूस बोलतो ते बोलणं नसतंच, नुसता आवाज असतो, असं मी धरून चालले होते. त्यांचं डोकं मात्र जिथल्या तिथे होतं, माझ्यापेक्षा जास्तच.

"मामा," मी म्हटलं, "मला तेव्हा कळलं नव्हतं. मी उगाच हो म्हणाले."

"ठावं हाय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी नवऱ्याने, मिस्त्रींनी आणि शेजारच्या दोघांनी मामांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट जिन्यातून खाली आणलं. ते आठ महिन्यांनी खाली उतरत होते. त्यांना पार्किंगच्या मधोमध बसवलं. मिस्त्रींनी लेव्हलची नळी काढली, पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक चेंबरपाशी आणि दुसरं मागच्या भिंतीला. मामा बोट दाखवायचे, मिस्त्री खूण करायचे.

मामांचं बोलणं मिस्त्रींना कळत नव्हतं, मध्ये मी उभी होते. मलाही पुरतं कळत नव्हतं. पण त्या दिवशी मी ठरवलं होतं की मान डोलवायची नाही.

"मामा, नाही कळलं. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.

"अजून नाही कळलं."

मला वाटलं ते चिडतील. चिडले नाहीत. उलट खुर्चीत जरा सरळ झाले आणि एकेक शब्द सुटा करून टाकायला लागले. "रस्ता. वर. आलाय. आपनबी. वर. येऊ."

मला कळायला एक क्षण लागला, मिस्त्रींना माझ्या आधी कळलं. आम्ही संडासाची पायरी कशी घालवायची याचा विचार करत होतो. मामा म्हणत होते, संडास आहे तिथे राहू द्या. खोलीची फरशी उचला संडासाइतकी, आणि नुसत्या खोलीची नाही, गेटपर्यंत अख्ख्या पार्किंगची. ती थेट रस्त्याला जाऊन भिडेल. पलंगापासून संडासापर्यंत एक पातळी, पलंगापासून गल्लीपर्यंत एक पातळी. पावसाचं पाणीसुद्धा मग आत येणार नाही. इतकी वर्षं मी खराटा मारत होते आणि हे कुणाला सुचलं नव्हतं.

"पण छत खाली येईल की," नवरा म्हणाला. तो उंच आहे. "तुळईला डोकं आपटेल."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू. वाकून. चाल."

मिस्त्री इतके हसले की त्यांच्या हातातली नळी हलली आणि माप पुन्हा घ्यावं लागलं.

पुन्हा भराव, पुन्हा कोबा, पुन्हा धूळ. आणखी तीन आठवडे. त्या नऊ इंचांनी माझ्या नाकी नऊ आणले. वाळूच्या ढिगावरून उडी मारून कंपनीच्या बसला पळताना एकदा पाय मुरगळला, तो पुढे महिनाभर दुखत राहिला. शिफ्टमध्ये लाइनवर उभी राहून गेजने भोकं तपासताना मला झोप यायची आणि बरोबरचे म्हणायचे, "मॅडम, घर बांधताय का पाडताय?" मलाही नक्की सांगता येत नव्हतं. खोलीचं आधी बसवलेलं दार वर सरकवून बसवावं लागलं. छताचा पंखा लावायला उंची उरली नाही, भिंतीला लावला. नवऱ्याने पहिल्याच दिवशी तुळईला कपाळ आपटून घेतलं आणि बापाकडे रागाने पाहिलं. बाप खिडकीतून गल्ली बघत होता.

मामा खाली राहायला गेले त्या पहिल्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. नवरा कॅबमध्ये बसून गेला. साडेदहाच्या सुमाराला मामा पलंगावरून उठले. वॉकर पुढे टाकला, डावा पाय, मग उजवा ओढत. मी स्वयंपाकघरात भाजी निवडायच्या निमित्ताने वर जायला हवं होतं, पण जिन्यातच थांबले. फरशीवर वॉकरच्या रबराचा आवाज येत राहिला, कुठेही अडला नाही. मग दार लागल्याचा आवाज. मी जिन्याच्या पायरीवर बसले. किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं, वॉकर परत निघाला. पलंगाशी पोचल्यावर मामांनी हाक मारली. मी लगबगीने गेले, तर म्हणाले, "पानी. दे."

त्यानंतर सहा महिने चांगले गेले. चांगले म्हणजे कटकटी होत्याच, माणूस आजारी तो आजारीच. पण दुपारी ते वॉकर घेऊन गल्लीत चार घरं जाऊन यायचे. पाणी प्यायचे, ताक मागायचे, कधी चारच्या चहाला दुसरा अर्धा कप मागायचे. ताप पुन्हा आला नाही. मी त्यांना रोज दोनदा तरी "नाही कळलं, परत सांगा" म्हणायची आणि ते परत सांगायचे. त्यातून मला बार्शीच्या दुष्काळाच्या गोष्टी कळल्या, त्यांच्या पहिल्या फोरमनच्या शिव्या कळल्या, आणि सासूबाईंना स्वयंपाक येत नव्हता हे एक गुपित कळलं.

मग दिवाळीनंतर त्यांचा डावा पायही साथ सोडायला लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वयाचं नाव घेतलं आणि गोळ्या बदलल्या. आम्ही मामांना काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. फक्त वॉकरचा आवाज रोज थोडा सावकाश व्हायला लागला.

एका शुक्रवारी चारला घरी आले, बाई निघून गेल्या, आणि मी बूट काढत असताना आतून हाक आली. खोलीत कुणी नव्हतं. संडासाचं दार पुढे लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. मी बाहेरूनच विचारलं, "मामा?"

"उठाय येईना," आतून आवाज आला.

मी घड्याळात पाहिलं. नवरा यायला साडेचार तास होते. शेजारच्यांना बोलवावं का, असा विचार करत उभी राहिले. मामांनीच पुन्हा हाक मारली. मग एकेक शब्द सुटा करत विचारलं, "तुला. चालंल. का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "नाही कळलं, परत सांगा."

तेव्हा त्यांनी दाराआडून जे सांगितलं ते मला तीनदा विचारून समजून घ्यावं लागलं. माझ्या लग्नाच्या बैठकीत माझ्या आईने त्यांच्याकडून एक शब्द घेतला होता. माझी आई दवाखान्यात आया होती. वडील लवकर गेले, आणि आईने पेशंटची भांडी काढून, चादरी बदलून मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. बैठकीत देण्याघेण्याचं काही बोलणं झालं नाही, ती एवढंच म्हणाली होती की, "मी जन्मभर लोकांचं हगणंमुतणं काढलं. माझ्या पोरीच्या नशिबी तेवढं नको." आणि मामा हो म्हणाले होते. मी तेव्हा आत पोह्यांच्या बश्या भरत होते. आईने मला हे कधी सांगितलं नाही, आणि आता ती जाऊनही काही वर्षं झाली आहेत.

म्हणजे ते बारा-बारा तास तहानलेले राहायचे ते ताठ्यापायी नाही. आईला दिलेल्या शब्दापायी. आणि मी भांडी आपटत होते.

मी दारापाशी उभी होते, पायात एकच बूट. वाईट वाटलं, राग आला, आईवर, त्यांच्यावर, माझ्यावर, सगळ्यांवर एकदमच. आणि या सगळ्याच्या खाली ती नेहमीची दमणूक होतीच, ती काही कुठे गेली नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "आई आत्ता इथे असती ना, तर तिने मला बाजूला ढकलून आधी तुम्हाला उठवलं असतं."

मामा आतून म्हणाले, "व्हय. तशीच. व्हती."

"मग येऊ?"

"ये."

मी दुसरा बूट काढला आणि आत गेले. मामा समोरच्या टाइल्सकडे बघत होते. माणसाला कसं उठवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण सुट्टीत आईबरोबर वॉर्डात बसून मी ते हजारदा पाहिलं होतं. ओढायचं नाही. त्याच्या पायांच्या मध्ये आपला एक पाय रोवायचा, गुडघे वाकवायचे, दोन्ही बगलांतून हात घालायचे आणि आकडे मोजायचे, म्हणजे त्यालाही कळतं की आपल्यालाही जोर लावायचा आहे.

"एक, दोन," मी म्हटलं, आणि तीनला आम्ही दोघं उठलो.